जावेच्या माहेरचा दगड

साठचं दशक संपत आलं होतं आणि मी जळगावच्या शाळेत इतिहास शिकवत होते. मोठ्या जावेच्या माहेरी, भडगावला, धुणं धुवायच्या दगडाच्या कडेवर अक्षरं आहेत हे पहिल्यांदा माझ्याच लक्षात आलं. वाचनालयातल्या जुन्या लिपीच्या पुस्तकांशी ताडून ती लावायला मला दोन महिने लागले. एका बाईने गावासाठी विहीर बांधल्याचा तो लेख होता. दगड संग्रहालयात गेला की सगळ्यांना सांगायचं, असं मी ठरवलं. मग मीच धुळ्याला पत्र लिहिलं आणि संग्रहालयाने दगड नेला.

आम्ही दोघी जावा तो पाहायला गेलो. पाटीवर देणगीदार म्हणून तिच्या वडिलांचं नाव होतं. माझं कुठेच नव्हतं. तिथल्या साहेबांनी तिला खुर्ची दिली, तिच्यासाठी चहा मागवला. मला वाटलं, लहानपणी त्यावर धुणं आपटलं, एवढंच हिचं कर्तृत्व.

परतीच्या एसटीत तिने विचारलं, "त्यावर काय लिखेल शे वं?"

"फार झिजलंय. मला लागलं नाही."

"तुले नही लागनं, तं कोनलेच लागाव नही," असं म्हणून तिने माझ्या हातावर हात ठेवला. मी माझा हात काढून घेतला.

विहिरीचं तिला सांगायला मला चार वर्षं लागली. तेव्हाही मी, संग्रहालयातल्या लोकांनी वाचून कळवलं, असंच सांगितलं.