सुकलेला अंगठा

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या नर्सिंग कॉलेजमधल्या बाईंचा. पन्हाळ्याकडच्या खेड्यातून मराठी शाळा शिकून आलेल्या मला वर्गातलं इंग्रजी कळत नव्हतं. तास संपल्यावर बाई तेच पुन्हा मराठीत सांगत. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आज घरोघरी जाऊन जखमांचं ड्रेसिंग करतो, ते बाईंमुळे.

उचगावात माझ्याकडे एक आजोबा होते, लोखंड ओतायच्या फौंड्रीतून निवृत्त झालेले. साखरेचा त्रास आणि पायाच्या अंगठ्याला जखम. त्या दिवशी पट्टी सोडली, तर अंगठा काळा ठिक्कर, कोरडा पडलेला. घरात आनंदीआनंद.

"सुकली की वं जखम!" आजी म्हणाल्या. "पावणं, च्या घेतल्याबिगर जायचं न्हाय."

"अंगठा काळा पडलाय, आजी."

"आरं, फौंड्रीत जन्मभर सगळाच काळा हुतो मी," आजोबा हसले.

आपल्याकडे जखम सुकली म्हणजे बरी झाली. पण हा अंगठा रक्त पोचत नसल्यामुळे वाळत चालला होता. पाऊल गार होतं, त्यावरची नाडी बोटांना लागत नव्हती आणि लाली घोट्याकडे सरकत होती. आजच दवाखान्यात नेलं नाही, तर पाय जाणार होता.

मी ज्या संस्थेतर्फे जातो, तिथे निर्णय डॉक्टरांचा, तोही फोनवर. मी स्पीकर लावला.

"पू येतोय का?" डॉक्टरांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आजोबांचा मुलगा ओरडला, "न्हाय साहेब, मस्त सुकलंय!"

"मग झालं. पुढच्या आठवड्यात बघू."

"सर, पाऊल गार आहे, नाडी..."

"तू पट्टी बांध. निदान करायचं माझ्यावर सोड."

फोन बंद. माझं डोकंच फिरलं. ज्यांनी तो पाय पाहिला नाही, त्याला हात लावला नाही, त्यांनी एका शब्दावर निकाल देऊन टाकला! नुसती पट्टी गुंडाळायची, तर आम्हाला शिकवलं कशाला?

मी आजींचा एक हात चांगल्या पावलावर ठेवला, दुसरा आजारी पावलावर. तो त्यांनी चटकन मागे घेतला.

"ह्यो तर दगडागत गार हाय!" त्या मुलावर खेकसल्या. "बघत काय बसलाईस? रिक्षा आण!"

पुढे काय झालं ते मी बाईंना लिहिलं:

"आदरणीय बाई, सादर प्रणाम. आजोबांचा अंगठा काढावा लागला, पाय मात्र वाचला. डॉक्टरांना डावलून घरच्यांना घाबरवलं, म्हणून संस्थेने माझ्याकडे माफीनामा मागितला आहे. मी तो देणार नाही. पाय न बघता पायाचा निर्णय कसा होतो, असं मीच त्यांना लेखी विचारलं आहे. नोकरी बहुधा जाईल. तुमच्या विद्यार्थ्याने आगाऊपणा केला, असं दुसऱ्या कुणाकडून कानावर येण्याआधी खरं काय ते तुम्हाला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. आपला विद्यार्थी."