मास्तरांचा अडकित्ता

चिंचवडच्या मास्तरांइतका निर्दय श्रोता परमेश्वराने पुन्हा घडवला नसेल. घडवला असलाच, तर तो माझ्या वाट्याला आला नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. मास्तरांनी कुठल्याही शाळेत कधी शिकवलं नव्हतं. उभा जन्म रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनीत गेला, पण गावात कुणी चार ओळी लिहिल्या की मास्तरांना दाखवायच्या, असा रिवाजच पडला होता. न दाखवलेल्या ओळीही त्यांच्या तावडीतून सुटत नसत. शेजारच्या पाटलांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका हातात दिली, तर यांनी ती तिथल्या तिथे पेन्सिलीने निम्मी खोडून परत केली. "एवढं पानभर लिहिलंत, पण जेवण किती वाजता ते कुठाय?" पाटलांनी हात जोडले. "मास्तर, खोडली ती खोडली, पर जेवाया तेवढं या." मास्तर गेले, आणि जिलबीची मनापासून तारीफ करून आले.

मी तेव्हा देहूरोडच्या डेपोत नोकरीला होतो. साताऱ्याकडचं गाव सोडून आलेलो, खोलीत एकटा, आणि लेखक व्हायचं खूळ डोक्यात. दर रविवारी सायकल हाणत मास्तरांकडे जायचं आणि ओटीवर बसून आठवड्याचं लिखाण वाचून दाखवायचं. गुरुदक्षिणा म्हणजे सुपारी. मास्तरांच्या तोंडात दात उरले नव्हते, पण कातरायची हौस दांडगी; सगळी आळी त्यांचीच सुपारी खायची. मी वाचायचो, ते डोळे मिटून अडकित्ता चालवायचे. सुरुवातीला फक्त विचारायचे, "आज चंद्र किती आणलेस?" माझ्या गोष्टींत दोन-तीन तरी असायचेच. शेवटी त्यांनी चंद्रावर बंदीच घातली आणि मला चाकणला कांद्याच्या बाजारात पाठवलं. "दिवसभर बस तिथे. डोळ्यांना पाणी आलं तर पाणी लिहू नकोस, कांदा लिही."

काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मला एक गुपित सांगून ठेवलं होतं, "यांचा अडकित्ता थांबला की समज, आवडलं." झालं! मला दुसरा ध्यास राहिला नाही. एकदा ऐन विरहाच्या प्रसंगात तो खरोखर थांबला. मी हरखून गेलो, आवाजात आणखी थोडा विरह घातला. मास्तरांनी डोळे उघडले. "वाच की. सुपारी संपली."

माझी बदली ठरली, तेव्हा शेवटच्या रविवारी मी आईवर लिहिलेलं घेऊन गेलो. मी गाव सोडलं त्या दिवशी ती एस.टी.पाशी आली नव्हती. गोठ्यात पाठमोरी शेण भरत राहिली होती. एवढंच होतं त्यात. वाचताना कागदावरून मान वर करायची सोय नव्हती. आज तरी थांबेल, आज तरी, असं वाटत होतं. पण अडकित्ता शेवटच्या शब्दापर्यंत चालूच राहिला, उलट नेहमीपेक्षा कोरडा, खणखणीत. मास्तर म्हणाले, "बरं आहे. चंद्र नाही." मी पाया पडलो आणि सायकलवर बसून देहूरोड येईपर्यंत रडलो.

पुढच्या उन्हाळ्यात मास्तर गेले. काकूंना भेटायला गेलो, तर ओटीवर सुपारीचं तबक तसंच होतं, त्यात अडकित्ता. न राहवून मी म्हणालो, "काकू, माझ्यासाठी काही तो थांबला नाही."

"अरे वेड्या," काकू म्हणाल्या, "त्या दिवशी घाईत तू सुपारी आणायची विसरलास. घरातलं खांड तू दुसऱ्या पानावर होतास तेव्हाच संपलं. मग रिकामाच चालवत बसले. मी दारातून थांबा म्हणून खुणावलं, तर मानेनेच नको म्हणाले. तू गेल्यावर म्हणतात, हात थांबवला असता तर पोराला पुढचं वाचता आलं नसतं."

आता मी कुठे वाचायला बसलो की लोक अगदी शांत राहतात. भली माणसं आहेत. पण कान अजून त्या आवाजाची वाट पाहतात, आणि तो येत नाही म्हणून दुसऱ्या पानाशी मी हमखास अडखळतो.