बदलीचा खांदा

सासरी, उत्रोलीत, साठीवरच्या म्हाताऱ्यांची मोजणी माझ्याकडं असते. आरोग्य खात्याचं काम. कोण एकटं राहतं, कुणाला दिसत नाही, कुणाचे गुडघे गेलेत, दारोदार विचारायचं, चहा प्यायचा आणि पुढच्या घरी जायचं. त्यात भिण्यासारखं काही नाही. मी भ्याले ती माहेरी, जिथं मी कधी कुणाला मोजलंच नव्हतं.

माहेर म्हणजे पासलीच्या वरची वाडी. पोरं सगळी पुण्याला कंपनीत. वर राहिले ते म्हातारे, म्हाताऱ्या आणि शेरडं. गाडी खालच्या ओढ्यापर्यंतच येते, त्यामुळं आजारी माणूस झोळीतून उतरवायचा. घोंगडी बांबूला बांधायची, दोघांनी उचलायची, दोघं बदलीला. हे काम चौघांचं ठरलेलं, आणि ऐंशीला टेकलेले माझे वडील, आमचे आबा, त्या चौघांतले एक.

भातलावणी उरकल्यावर मी आबांना भेटायला गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच छातीला हात लावून उंबऱ्यात बसले. घामानं सदरा चिंब. शेजारचे काका घोंगडी घेऊन धावले, मागून आणखी दोघं आले. आबांना झोळीत घातलं आणि तिघंही सवयीनं वाटेकडं बघत थांबले. चौथा यायचा होता ना! चौथा झोळीत होता.

तिघांतल्या मामांना दमा. बदलीला उरलं कोण?

"मी धरते," मी म्हटलं.

"बाईमाणसानं झोळीला खांदा द्यायचा न्हाई पोरी," काका म्हणाले. "आपल्यात तसं करत न्हाईत."

"मग काय इथंच मारताय त्यांना?" मी केवढ्यांदा ओरडले! काकांनी बांबूचं टोक माझ्याकडं दिलं.

वाट निसरडी. आबा कण्हत होते, मागं दमेकरी मामांना धाप लागलेली. देवा रे, आधी जाईल कोण, झोळीतला की झोळीखालचा, तेच मला कळेना. मी रडत रडतच उतरले.

आबा वाचले. मी त्यांना उत्रोलीला आणलं, आता इथंच राहायचं म्हणून दम भरला. दोन घास जेवायला लागले तशी त्यांनी पिशवी भरली.

"आबा, वेड लागलंय का तुम्हाला?"

"म्या हितं बसून ऱ्हायलो तर तिकडं बदलीला कोण?"

"आता तुम्हाला पाण्याची कळशी तरी उचलतीय का?"

"न्हाई उचलत. म्हणून तर तिघांनी तुला धरलीय आमच्यात. फोन आला की यायचं. पर तू येईस्तवर एक टोक कुणीतरी धराया पायजेल ना?"

कापूरहोळला गाडीत बसवेपर्यंत मी त्यांना परत चला म्हणत राहिले. गाडी हलली तेव्हा मात्र खिडकीला हात लावून "येईन" म्हटलं. वाडीतला सगळ्यात तरणा खांदा आता माझा, आणि पुढच्या मोजणीत मीच साठीवरच्यांत येणार आहे. तेव्हापासून फोन वाजला की उचलायच्या आधी मी पायात चपला घालते.