पट्टीतले दोन इंच

गोठलेल्या तळ्यावर पाऊल टाकण्याआधी बर्फ किती जाड आहे ते मोजायचं असतं. पुण्यात राहणाऱ्याला ही अक्कल लागायचं काही कारण नाही. पण आमचा ट्रेकिंगचा ग्रुप दर हिवाळ्यात हिमालयात जायचा आणि मोजायचं काम माझं असायचं. गिरमिटाने भोक पाडायचं, हूक लावलेली लोखंडी पट्टी आत सोडायची, हूक बर्फाच्या खालच्या बाजूला अडकवायचा आणि वर आकडा वाचायचा. चार इंचांपेक्षा कमी असेल तर मुकाट्याने मागे फिरायचं.

पट्टी मी कसबा पेठेतल्या एका कारागिराकडून करून घेतली होती. त्याने हूक टोकाच्या दोन इंच वर जोडला आणि खुणा मात्र टोकापासून कोरल्या. म्हणजे आकडा कायम दोन इंच जास्त. मी तक्रार केली तर मान वर न करता त्याने विचारलं, "वजाबाकी येते ना आपल्याला?"

येते, म्हटलं, आणि पट्टी घेऊन निघालो. पुन्हा त्या गल्लीत खेटे घालायचा कंटाळा होता. हा अपमान मी कोणालाही सांगितला नाही. दर वेळी मनातल्या मनात दोन वजा करायचो.

मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि ग्रुप न्यायचं माझ्या मित्राने कबूल केलं. कॉलेजपासूनचा मित्र. निघायच्या दिवशी तो पट्टी न्यायला घरी आला. मी त्याला सगळं सांगितलं: चार ठिकाणी भोकं पाड, ओढा मिळतो त्या बाजूला जाऊ नकोस, टॉर्चचे सेल अंगाशी ठेव. दोन इंचांचं सांगितलं नाही. आठवलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला बजावत होतो. खरं तर आठवलं होतं. पण मग कारागिराचा टोमणाही सांगावा लागला असता आणि तो मला जन्मभर चिडवत बसला असता. नंतर फोन करू म्हटलं. केला नाही.

बाकीच्यांना काठावर थांबवून तो एकटा पुढे गेला, आणि बर्फ फुटला.

त्याच्या वहीत पाच इंच लिहिलेले होते. ज्यांनी त्याला बाहेर काढलं त्यांना बर्फ तीनच इंच दिसला. याने न मोजताच आकडा लिहिला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. त्याच्या वडिलांनीही. ते सरकारी कचेरीत जन्मभर नोंदी तपासणारे गृहस्थ; त्यांनी मुलाचा फोटो भिंतीवरून उतरवला. खोटं लिहून मेला, म्हणाले.

चार वर्षं मी बिबवेवाडीला त्यांच्या घरी जात राहिलो. वहिनी, म्हणजे त्याची बायको, पुढच्या खोलीत ब्लाउज शिवतात. मी चहा प्यायचो आणि भेकडासारखा परत यायचो. या जानेवारीत वहिनींनी पट्टी माझ्यापुढे ठेवली. ग्रुप पुन्हा जातोय असं त्यांच्या कानावर आलं होतं. "घेऊन जा, भाऊजी. इथे पडून काय करायची?"

आता मात्र मला गप्प बसता येईना. मी सगळं सांगितलं, न केलेल्या फोनसकट.

त्यांनी गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली. "पट्टी चुकीची आहे, हे मला माहीत आहे. त्यांचं सामान आलं त्याच आठवड्यात मी टेप लावून बघितली. तुम्हाला माहीत होतं की नाही, तेवढंच कळायचं होतं."

बाबांना का सांगितलं नाहीत, मी विचारलं. सांगितलं होतं. नवऱ्याची बाजू घेतेस, असं म्हणून त्यांनी पट्टीकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

"आता तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. "आतच आहेत."

मी पट्टी उचलली आणि आत गेलो. ते खिडकीशी पेपर वाचत होते. मला बघून त्यांनी पाय आखडून कॉटवर जागा केली आणि नेहमीसारखं विचारलं, "चहा झाला का तुमचा?"