त्या दिवशी मी वर्गात नव्हतो

भुताखेतांच्या, चमत्काराच्या गोष्टी वाचायला मला मजा येते, पण विश्वास म्हणाल तर शून्य. तेव्हाही आणि आजही... म्हणजे जवळजवळ शून्य. हे 'जवळजवळ' कुठून आलं, तेच सांगतो.

मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी खैरलांजीच्या अलीकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. रोज मोटरसायकलने अप-डाउन. घरी आई पक्की देवभक्त आणि मी पक्का भांडखोर. ती पूजेला बसली की मी मुद्दाम डिवचायचो, "तुझा देव दयाळू आहे, अन् सगळं त्याच्याच हातात आहे ना? मग लहान लेकरं तापानं काहून मरतात? एक तर त्याले जमत नाही, नाहीतर त्याले दया नाही."

आई घंटी वाजवत म्हणायची, "तू आधी आंघोळ कर, मग माझ्या देवाच्या चुका काढ."

वाद तिथेच संपायचा आणि मी जिंकल्यासारखा शाळेला निघायचो.

शाळा दोन खोल्यांची, वर कवेलूचं, म्हणजे कौलांचं छप्पर. एका खोलीत माझी पाचवी, एकतीस पोरं. दुसरीत बडे गुरुजी, म्हणजे आमचे हेडमास्तर. शिकवणं हिंदीत, पण पोरांच्या घरची बोली मराठी, त्यामुळे आमच्या वर्गात दोन्हीची खिचडी चालायची.

पावसाळ्याचे दिवस होते. श्रावणी सोमवार वगैरे काही नाही, साधा बुधवार. वाटेत गाडी पंक्चर झाली. शाळा अजून सहा-सात किलोमीटर लांब. गाडी ढकलत सलीमभाईच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत नेली. त्यानं मला खांद्याला धरून बाकावर बसवलं, "बैठो गुरुजी, चाय पियो." मी चहा पीत घड्याळ बघत होतो — अकरा वाजून गेले, ट्यूब अजून पाण्यातच. शाळेला उशीर झाला म्हणून जीव वरखाली होत होता. बस, एवढंच. दुसरं काही वाटलं नाही, काही दिसलं नाही, अंगावर काटाबिटा काही आला नाही.

साडेअकराच्या सुमारास शाळेत पोचलो तर सगळी पोरं बाहेर मोहाच्या झाडाखाली, आणि माझ्या वर्गाला छप्परच नाही! दिमकीनं, म्हणजे वाळवीनं, पोखरलेली छपराची मधली बल्ली मोडून सगळं कवेलू खाली आलं होतं. माझी खुर्ची चपटी झाली होती.

"पोरं? बडे गुरुजी, पोरं?"

"सगळे आहेत, मोजले. खरचटलंबी नाही कोणाले. तुनंच तर बाहेर काढले वेळेवर." मग माझ्या गाडीकडे बघून म्हणाले, "अन् आता हे गाडी घेऊन कुठून येऊन राह्यला?"

मला वाटलं, धक्क्यानं त्यांचं डोकं फिरलं. पण पोरं गोळा झाली आणि एकच गलका — गुरुजी दारात आले, ओरडले, "सब के सब बाहर! बस्ता छोडो!" पोरं पळाली, शेवटचं पोर उंबऱ्याबाहेर पडलं आणि धाडकन छप्पर खाली. नंतर गुरुजी दिसलेच नाहीत.

"अरे, मी पंक्चरच्या दुकानात होतो!"

"नाही गुरुजी, तुम्हीच होते," एक पोरगा म्हणाला. "बाहेर पळताना पाह्यलं, तुमच्या खांद्यावर मागून काळा हात होता."

"कसला काळा हात?"

बडे गुरुजी म्हणाले, "मागं फिर पाहू." मी फिरलो, तसा त्यांनी शर्ट खांद्यावरून पुढं ओढून मला दाखवला. माझ्या पांढऱ्या शर्टावर, मागून खांद्यावर, सलीमभाईच्या काळ्या बोटांचा पूर्ण ठसा उमटला होता. मला स्वतःलाच तो माहीत नव्हता. आणि पोरांनी हे त्यांना मी यायच्या आधीच सांगितलं होतं.

त्यानंतर गावात जे सुरू झालं ते विचारू नका. नारळ फुटले, गूळ-फुटाणे वाटले. एका आजीनं माझ्या मोटरसायकललाच हळदकुंकू लावलं. लोक पाया पडायला वाकत होते आणि मी, गावातला एकमेव नास्तिक, पाय मागे घेत नाचत होतो. पोरं तर तीन दिवसांच्या सुट्टीनं खूश!

या गडबडीत वनिता माझ्याजवळ आली. माझ्याच वर्गातली, दहा वर्षांची, अबोल. मागच्या वर्षी धानाच्या रोवणीच्या वेळी तिची आई साप चावून गेली. गावात गाडी नव्हती, बैलगाडीनं नेईपर्यंत सगळं संपलं. हातातले फुटाणे तसेच धरून ती म्हणाली,

"गुरुजी, तुम्हाले असं येता येते, तर माझ्या आईच्या वेळेस काहून नाही आले?"

हा प्रश्न मी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारत आलो होतो. मला कुणी विचारेल असं कधी वाटलंच नव्हतं.

"वनिता, मी आजबी नाही आलतो गं."

"मी पाह्यलं ना."

"मग मले नाही माहीत. खरंच नाही माहीत."

तिनं जरा विचार केला. "ज्याले माहीत असंल त्याले विचारसान?"

"हौ."

"अन् मले सांगसान?"

"सांगीन."

संध्याकाळी घरी आईला सगळं सांगितलं. म्हटलं आता ती उड्या मारेल, बघ माझा देव! पण तिनं आधी देवापुढच्या दिव्यात तेल घातलं. मग म्हणाली, "त्या पोरीचं बरोबर आहे. मलेबी नाही माहीत. तुले काय वाटते, मी रोज देवापुढं बसून काय करतो? हेच तर विचारतो त्याले. तुझा मोठा भाऊ दीड वर्षाचा असताना गेला, तेव्हापासून."

मला मोठा भाऊ होता हे मला माहीत होतं. आईही रोज तिथे बसून भांडते, हे माहीत नव्हतं.

शाळा उघडली तेव्हा मी वनिताला सांगितलं, "माझ्या आईलेबी माहीत नाही."

तिनं डोळे मोठे केले. "एवढ्या मोठ्या बाईलेबी नाही?" आणि चक्क हसली. मीही हसलो. तिच्याबरोबर हसताना पहिल्यांदा जरा मोकळं वाटलं. त्याच महिन्यात मी गावात खोली भाड्यानं घेतली, म्हणजे पावसाळाभर एक तरी गाडी गावात राहील. ती गाडी पुढं कामाला आली, साप चावलेल्यांसाठीही आणि बाळंतिणींसाठीही. त्यात चमत्कार काही नाही, पेट्रोल होतं.

राहता राहिला रिपोर्ट. छप्पर कसं पडलं ते वर कळवायचं होतं, आणि त्यात एक रकाना होता — घटनेच्या वेळी शिक्षक हजर होते की नाही. मी सरळ म्हणालो, "बडे गुरुजी, 'अनुपस्थित' लिहा. जे व्हायचं ते होईल."

"एकतीस पोरं खोटी, अन् तू एकटाच खरा?"

"पण मी नव्हतो!"

"तुझा आवाज मी स्वतः माझ्या कानानं ऐकला. रिटायर व्हायले दोन साल राह्यले माझे, मी खोटं लिहीन काय?" आणि चष्मा नाकावर सरकवून त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं — 'उपस्थित'.

मी सलीमभाईला साक्षीला आणतो म्हटलं, तर म्हणाले, "आण. एकतीसच्या पुढं एक."

तेव्हा मंडळी, सरकारी कागदावर मी त्या दिवशी वर्गात हजर आहे. मी नव्हतो, एवढंच मला ठाऊक. मग दारात कोण उभं होतं... तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा. मला अजून तरी सुचलेलं नाही.