तोंड उघडू नको, टॅबलेट देतील

शाळेतून आल्या आल्या पोरगी म्हणली, "मम्मी, उद्या आम्हाला टॅबलेट देणारेत. कंपनीचे साहेब येणारेत द्यायला." माझा हात पिठात तसाच राहिला.

कारण आधीच्या वर्षी शाळेत जंताची गोळी दिली होती. सिस्टर आल्या होत्या, त्या गोळी म्हणतच नव्हत्या, टॅबलेट चावून खा, टॅबलेट घेतली का, सगळं टॅबलेटच. आणि ती खाऊन माझी पोरगी ओकून ओकून पांढरी पडली. मी तिला उचलून रिक्षात घातलं, चाकणच्या दवाखान्यात जाईपर्यंत तिची मान माझ्या दंडावर नुसती लोळत होती. डॉक्टर म्हणले काही नाही, रिकाम्या पोटी घेतली असेल. असेल. पण ती मान माझ्या डोळ्यापुढून जात नाही.

आणि ती तरी सिस्टरनी दिली होती. आता कंपनी कशाला गोळ्या द्यायली? कंपनीला आमच्या पोरांच्या पोटाची काय काळजी? आम्ही राहतो निघोज्याकडं, खोल्यांच्या मागून नाला जातो, त्याला कधी पांढरा फेस येतो, कधी निळसर पाणी. मला वाटलं, काहीतरी पाण्यात गेलंय, पोरांना काहीतरी व्हायलंय, आणि हे गुपचूप औषध देऊन मोकळे होणार. मी सातवी शिकलेली, मला ह्यातलं काय कळतं, पण भीतीला शिक्षण लागत नाही.

आमच्या मालकीणबाई बाहेर लसूण सोलत बसल्या होत्या. खोल्या त्यांच्याच, गाव त्यांचं. त्यांना सांगितलं तर म्हणल्या, "फुकाट कोन देतंय का गं? आमच्या जमिनी घ्यायच्या येळंला बी पेढं वाटलं व्हतं. लई ग्वाड व्हतं."

"मग काय करू, मावशी?"

"मी काय सांगू? तुजी पोरगी हाय. मी आपली पेढं खाऊन बसले."

ह्यांना फोन लावला. ह्यांची सेकंड शिफ्ट होती. मागं प्रेसचा धाड धाड आवाज, हे म्हणले, "लाईन चालू आहे गं, सुपरवायझर इथंच उभा आहे, काय अर्जंट आहे का?" अर्जंट आहे का म्हणलं की मला काही सांगताच येत नाही. मी म्हणलं, नाही, ठेवा.

सकाळी तिची वेणी घालताना मी तिला नीट सांगितलं. "हे बघ माय, कुणी काही देऊ दे, साहेब असू दे नाहीतर मॅडम असू दे, तोंड उघडायचं नाही. दात दाबून बसायचं."

"पण मम्मी, मॅडम रागावल्या तर?"

"रागावू दे. तोंड उघडायचं नाही. माझी शपथ आहे तुला."

तिनं माझ्याकडं वळून बघितलं. शपथ मोडली की मम्मी मरते, हे पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. दुसरीतली पोरगी, पण शपथेला पक्की.

संध्याकाळी आली तर मी दारातच धरलं. "दिली का टॅबलेट?"

"दिली."

"घेतलीस?"

"हातात घेतली. साहेबांनी फोटोपण काढला. पण तोंड नाही उघडलं. साहेब म्हणले बोल बेटा, मॅडम म्हणल्या बोल, ती टॅबलेटपण म्हणली बोल. मी नाही उघडलं."

टॅबलेटपण म्हणली, हे मी ऐकलं. खरंच ऐकलं. पण मला वाटलं, पोरगी आहे, काहीही बोलते. मी तिला गूळ-शेंगदाणे दिले, वरून पाठीवर हात फिरवला. माझी गुणाची बाय ती.

मग चार-आठ दिवस गेले असतील. आमच्या पोरीला एक खोड होती, रस्त्यानं चाललं की दिसंल ती पाटी वाचायची. विजेच्या डीपीवरचं 'धोका' वाचायची, कंपनीच्या गेटवरचं 'हेल्मेट घालूनच आत यावे' वाचायची, भाड्यानं खोली मिळेल, वडापाव सेंटर, गाडीच्या मागं लिहिलेलं आईचा आशीर्वाद. मी म्हणायचे, अगं गप गं, डोकं उठवलंस. त्या दिवशी बाजारातून येताना ती गपच. मी मुद्दाम एका मोठ्या बोर्डाकडं बोट केलं, "काय लिहिलंय?"

"मला येत नाही."

"काय येत नाही? परवा तर वाचलंस."

"मला वाचता येत नाही मम्मी. टॅबला माहिताय. मी पहिल्या पायरीवर आहे. मी आणि ते नवीन आलेले दोघं जण, आम्हाला नुसतं अ अननसाचा."

भर रस्त्यात मी थांबले. मी स्वतः सातवीत शाळा सुटलेली बाई, माझ्या पोरीला वाचता येतं हीच एक गोष्ट होती जिचा मला माज होता. बोर्ड समोर, डोळे धड, आणि पोरगी म्हणते मला येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. मॅडम तशा चांगल्या आहेत, ताई ताई करून बोलतात, त्यांना विचारलं, पोरगी वाचता येत नाही असं का म्हणायली. त्यांनी कपाटातून एक काळी पाटी काढली, काचेची, मोठ्या मोबाईलसारखी. म्हणल्या, "ह्याच्यावर वाचून घेतो आम्ही."

"हे काय आहे?"

"टॅबलेट. कंपनीनं दिलेत ना."

मी त्या पाटीकडं बघतच राहिले. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, मला वाटलं गोळी."

"कसली गोळी?"

मी सगळं सांगितलं. जंताची गोळी, दवाखाना, शपथ. मॅडमला हसू आवरेना, "अहो ताई! गोळी! म्हणून ती दात आवळून बसली होती होय? साहेब म्हणत होते हिला ऐकू येतं ना नीट, डॉक्टरला दाखवलंय का!" हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि माझ्याकडं बघितलं तसं हसणं थांबवलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्या टॅबवर एक ओळ येते, मुलानं ती मोठ्यानं वाचायची, टॅब ऐकतो आणि मूल कुठल्या पायरीवर आहे ते ठरवतो. माझ्या पोरीनं तोंडच उघडलं नाही. त्यानं तीनदा विचारलं आणि टाकली पहिल्या पायरीवर.

"मग आता वर टाका की मॅडम. तुम्हाला तर माहिताय तिला वाचता येतं."

"मला माहिताय हो ताई. पण टॅबला माहीत नाही ना."

"मग त्याला सांगा."

"त्याला आपल्याला काही सांगता येत नाही. ते वरून लॉक आहे. तिला एकेक पायरी चढत यावं लागेल. वर्षभरात येईल हळूहळू."

वर्षभर! वर्षभर अननस! तोवर तिच्या डोक्यात काय पक्कं बसंल? मी त्या टॅबकडं बघितलं तर वरच्या कडेला एक बारका गोल डोळा. मी जरा बाजूला सरकले. विचारलं, "मॅडम, बंद असल्यावरपण हे ऐकतं का?"

"छे हो." मग म्हणल्या, "म्हणजे, नसेल ऐकत."

नसेल. डॉक्टर म्हणले असेल आणि मॅडम म्हणल्या नसेल. माझ्या मनात आलं, आमची पोरगी बडबडी, घरात काय शिजलं, पप्पा कुठल्या शिफ्टला गेले, मम्मी कशावरून रडली, सगळं वर्गात सांगत असणार, आणि हे पालथं पडून ऐकत असणार. एक ओळ नाही वाचली तर एवढं धरून ठेवतंय, मग बाकीचं काय काय धरून ठेवलं असंल?

मी उठलेच नाही. तशीच बसून राहिले. मॅडमनी इकडं तिकडं बघितलं, मग आवाज खाली आणून म्हणल्या, "एक करता येईल. नवीन मुलगी आली म्हणून तिला परत टाकते. शाळेचं नाव आधीच आहे, तर घरचं लाडाचं नाव टाकू. पण कुठं बोलू नका."

पोरीला बोलावलं. मॅडमनी परत तिचा फोटो काढला, परत माझाच मोबाईल नंबर टाकला. ओळ आली. पोरगी माझ्याकडं बघायली, दात दाबूनच.

"वाच की गं."

तिनं मान हलवली.

तेव्हा मला आठवलं. अजून शपथ तशीच होती की! आई मरंल म्हणून ती एवढे दिवस त्याच्यापुढं तोंड दाबून बसली होती. नुसतं अननस म्हण म्हणूनपण मॅडमनी किती विनवलं असंल, आणि घरी येऊन अक्षरानं बोलली नाही. मी म्हणलं, "सुटली. शपथ सुटली माय."

"तीनदा म्हण."

"सुटली, सुटली, सुटली."

"तुला काही होणार नाही?"

"नाही होत. वाच."

आणि ती वाचायला लागली. विहिरीवर एक पारवा आला, असं काहीतरी होतं. घडाघडा वाचलं. पाणीला ती पानी म्हणली, आमच्यात तसंच म्हणतात, तिथं टॅब जरा अडकला, लाल झाला, माझा जीव वर. मॅडम हळूच म्हणल्या, पाणी म्हण, पाणी. ती म्हणली पाणी. मग तो हिरवा झाला आणि एका बाईच्या आवाजात म्हणला, शाब्बास. मला त्या आवाजाचा राग आला. पण पोरीचा चेहरा असा फुलला की मी गप बसले.

पोरगी तिच्या ओळीत परत गेली. येताना डीपीवरचं 'धोका' वाचलं. मला वाटलं, मिटलं.

लगेच दुसऱ्या दिवशी, पोरगी शाळेत गेलेली, मी कपडे धुवायले, मोबाईल वाजला. मेसेज. मराठीत होता, मी एकेक अक्षर लावून वाचला. आपला पाल्य आज शाळेत अनुपस्थित आहे. अनुपस्थितला मला वेळ लागला. म्हणजे पोरगी शाळेत नाही. मी स्वतः तिला फाटकाच्या आत सोडलं होतं! मी तशीच निघाले, ओली साडी, साबणाचे हात. मालकीणबाई ओरडल्या, "आगं काय झालं?" मी थांबलेच नाही. मधी तो कंपन्यांचा रस्ता, कंटेनरची लाईन लागलेली, दोन कंटेनरच्या मधून घुसले, एक ड्रायव्हर हिंदीत शिव्या द्यायला, चप्पल तिथंच राहिली. डोळ्यापुढं कायकाय आलं ते मी सांगत नाही. त्या वेळात मी सगळ्यावर संशय घेतला, फोटो काढणाऱ्या साहेबावर, मॅडमवर, त्या गोल डोळ्यावर.

वर्गाच्या दारात पोहोचले तर पोरगी तिसऱ्या ओळीत बसलेली, बोट ठेवून वाचत होती.

मी दाराला धरून खालीच बसले. मॅडम धावत आल्या, मोबाईल बघितला, कपाळाला हात लावला. "अहो ताई, ही ती जुनी. आधीची. जे मूल टॅबवर बसत नाही त्याचा गैरहजरचा मेसेज आपोआप जातो. आता त्या नावावर कोणीच बसत नाही ना."

"मग तिला काढून टाका."

"मला काढता येत नाही. वर कळवलंय. काढतील."

अजून काढलेलं नाही. शाळा असते त्या रोज मेसेज येतो. त्या टॅबमध्ये माझ्याच पोरीच्या तोंडाची एक पोरगी आहे, दात दाबून पहिल्या पायरीवर बसलेली, तिला वाचता येत नाही, ती शाळेत येत नाही. आणि कुठंतरी कंपनीचे साहेब नाहीतर आणखी कोण बघत असतील, म्हणत असतील, ही बघा, हिची आई हिला पाठवत नाही.

हे म्हणतात, "ब्लॉक करून टाक ना तो नंबर. रोज कशाला बीपी वाढवून घेतेस?"

मी म्हणलं, "आणि एखाद्या दिवशी तो खरा असला तर?"

 म्हणून मेसेज आला की मी हातातलं काम टाकते, रस्त्याच्या कडेपर्यंत जाते. तिथून शाळेची खिडकी दिसते. तिची लाल रिबीन दिसली की माघारी येते. मालकीणबाई म्हणतात, "गेली का गं तुजी ड्युटी करायला?" म्हणू दे.

संध्याकाळी पोरगी माझा मोबाईल घेते आणि तो मेसेज मोठ्यानं वाचते. अनुपस्थित सुद्धा एका दमात वाचते, मला अजून अडकायला होतं. वाचून झाल्यावर खिदळते, "मम्मी, ती आजपण आली नाही."

मी मोबाईल पालथा घालते आणि तिला म्हणते, हळू बोल.