टिप्परवाला भाऊ

कंपनीच्या टिप्परमागं पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की ड्रायव्हर गाडी नीट चालवत नसेल तर या नंबरवर कळवा. तो नंबर वाचायचा तर टिप्पर आधी तुम्हाला घासून पुढं जावा लागतो, आणि तोवर तुम्हाला जिवंत राहावं लागतं. ज्यानं कुणी ही अक्कल लढवली, तो जन्मात कधी सायकलवर बसलेला नसणार.

आरमोरीकडच्या एका गावात माझी अंगणवाडी आहे. त्याच गावात माझ्या मुलीची शाळा. आम्ही राहतो अलीकडच्या गावात, म्हणून मायलेकी सकाळी सोबतच सायकलनं निघायचो. रस्ता रुंद करायचं काम निघालं, गिट्टीचे टिप्पर धावायला लागले आणि आमच्या गावातल्या पोरींच्या सायकली एकेक करून घरी उभ्या राहिल्या. माझी तेवढी जात होती. त्यावरून घरात रोज कुरबुर. एक दिवस नवऱ्यानं स्पष्टच सांगितलं, "एकदा का पोरगी पडली, तर शाळा बंद. मंग मले सांगू नोको."

ती पडली. मागून हॉर्न मारत टिप्पर आला. समोरून बस येत होती, तरी हा थांबेना. पोरगी मुरमावर उतरली, चाक घसरलं आणि सायकलसकट खालच्या धानाच्या बांधीत गेली. लागलं फारसं नाही, पण चिखलातून उठायला तयार नव्हती. मी धूळ खाली बसायच्या आत नंबर वाचला आणि तिथूनच फोन लावला.

"तुमच्या टिप्परवाल्या भाऊनं माह्या पोरीले रस्त्याखाली घातलं!"

"भाई ने?"

"हो, भाऊनंच! पाहून राह्यला होता, तरी थांबला नाई!"

"ठीक है, लिख लिया."

आमच्याकडं अनोळखी माणूस भाऊच असतो. कंडक्टर भाऊ, तलाठी भाऊ. कोंबडी चोरताना कुणी सापडला तर त्यालाही आधी "काऊन भाऊ?" विचारायचं आणि मग कानाखाली वाजवायची. हे त्या फोनवरच्या बाबाला कोण सांगणार! दोन-चार दिवस वाट पाहून मी पुन्हा फोन केला, तर म्हणाला, तक्रार बंद झाली. भाई-बहन का झगडा है, घर में निपटाइए.

माझं डोकंच फिरलं. त्याच दुपारी पोरीला घेऊन मी कंपनीच्या कॅम्पवर गेले. बाहेर मोहाच्या झाडाखाली ड्रायव्हर लोक चहा पीत बसले होते. पोरीला तिथं सायकलींजवळ थांबवलं आणि आत शिरले. आत एसी लावलेल्या थंडगार पत्र्याच्या डब्यात एक साहेब. मराठीच होता, पण आमच्याकडचा नव्हे. मी तक्रारीचं नाव काढताच त्यानं विचारलं,

"तुम्हीच भाऊ म्हणालात ना, ताई?"

"मले ताई म्हणू नका," मी म्हटलं. "नाई तं हीबी तक्रार बंद होईल."

तो हसला. मला हसायला आलं नव्हतं. टेबलावरचा त्याचा काचेचा पेपरवेट उचलून भिंतीवर मारावा असं मनापासून वाटत होतं. मी आवाज चढवून सगळं सांगितलं. गाडीचा नंबर, पोरीचं नाव, तिची शाळा, आमची यायची-जायची वेळ. खिडकी उघडी असती तर पलीकडच्या गावात ऐकू गेलं असतं. साहेब म्हणाला, समज देऊ. मग म्हणाला, शाळेच्या वेळी आमच्या गाड्या जास्त असतात, तुम्हीच जरा वेळ बदलून पाहा. म्हणजे शाळेनं यांच्या गिट्टीकडं बघून घंटा द्यायची! मी त्याला जे ऐकवलं ते अंगणवाडीताईच्या तोंडी शोभणारं नव्हतं. ड्रायव्हरला आपण स्वतः बोलू, असा शब्द दिल्यावरच मी उठले.

घरी येऊन नवऱ्याशीही भांडले. शाळा बंद होणार नाही, कंपनीला वाकवून आले आहे, असं ठणकावून सांगितलं. तो जेवत होता. मान खाली घालून जेवत राहिला.

सकाळी मी दोन्ही सायकली पुसून अंगणात काढल्या. पोरगी दारातच उभी. दप्तर नाही, वेण्या नाहीत.

"चाल ना," मी म्हटलं. "बाप काई म्हणत नाई आता."

"मी नाई येत."

"काऊन? त्या ड्रायव्हरले समज देणार आहेत."

"देली त्यायनं," ती म्हणाली. "तू सायकलीची हवा पाहून राह्यली होती, तवा साहेब बाहेर आला. त्या टिप्परवाल्याले बलावलं आन् माह्याकडं बोट दाखवलं. म्हणे, हेच ते पोरगी."

मी सायकल पुन्हा स्टँडवर लावली.

"आई," ती म्हणाली, "आधी त्याले मी दिसलीच नोहती. आता तो मले ओयखते."